चुन्याची निवळी

चिंतामणी गुप्ते कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आणि डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. बरोबरीचे प्रोफेसर झाले, एकदोघे विलायतेला जाऊन आले. हे आपले जन्मभर पोरांना बेडूक फाडायला शिकवत बसले. माणूस हुशार होता हो, पण पुढे पुढे करणं अंगातच नव्हतं. आता पन्नाशी उलटली होती, पाठ धरत होती, आणि उरलीसुरली सगळी आशा गिरगावातल्या खोलीबाहेर, गॅलरीतल्या दोन काचेच्या पेट्यांवर होती.

पेट्यांत खाडीतले बोटभर मासे. दोन्ही कुशींना हाडाच्या चकत्यांची रांग, चिलखत घातल्यासारखी. एका पेटीत चाळीच्या विहिरीचं पाणी, ज्यात तुरीची डाळ जन्मात शिजायची नाही इतकं चुनखडीचं. दुसरीत नळाचं पाणी, तेही उकळून, गाळून, होता नव्हता तो चुना काढलेलं. चिंतामणींचं म्हणणं असं, की हाडाला चुना लागतो. पाण्यातच तो नसेल तर चिलखत माशाला परवडत नाही. जे थोडक्यात भागवतात ते लवकर वाढतात, त्यांचीच पिल्लावळ टिकते, आणि असं करता करता चिलखत वंशातूनच जातं. आणि दिसतही तसंच होतं. नळाच्या पाण्यातल्या पिल्लांच्या कुशी पिढीगणिक उघड्या पडत चालल्या होत्या.

"माशांसाठी रोज आधण कसलं ठेवतोस रे?" कालिंदीताई विचारायच्या. ही थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन आली आणि भावाचाच संसार करत राहिली. लग्नाचं चिंतामणींनी कधी मनावर घेतलंच नाही, त्यामुळे घरात दोघंच.

एवढ्या वर्षांनी विद्वानांच्या सभेत निबंध वाचायचं ठरलं, आणि नेमकी मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. सभा पुढे गेली. खरं सांगायचं तर चिंतामणींना बरंच वाटलं. इतके दमले होते बिचारे, की निदान दुपारी घरी आडवं होता येईल, एवढ्यावरही खूश.

पण सवय कुठली जायला! भिंग घेऊन पेटीपाशी बसले, आणि बसले ते बसलेच. नळाच्या पाण्यातल्या नव्या पिल्लांच्या कुशींवर चकत्या होत्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकही कमी नाही.

इतक्यात ताई बाटली घेऊन आल्या आणि चमचाभर काहीतरी त्याच पेटीत सोडलं, लेकराच्या दुधात घालावं तसं.

"ताई, हे काय?"

"चुन्याची निवळी. रात्री चुना भिजत घालायचा, सकाळी वरचं निवळ पाणी घ्यायचं. पोरांना देतात ना हाडं धरायला, तीच."

"कधीपासून घालतेस?"

"ही पिल्लं अंड्यातून निघाली तेव्हापासून. याआधीची सगळी कशी लिबलिबीत, अंगावर हाड म्हणून नाही. मला बघवेना रे. तू घरात नसतोस, मी दिवसभर समोर असते."

चिंतामणींनी भिंग खाली ठेवलं. चिलखत वंशातून गेलंच नव्हतं. चुना मिळताच पोरांनी ते पुन्हा अंगावर चढवलं. आईबाप नुसते उपाशी होते. चुना परत घालून बघायची ही परीक्षा आपणच घ्यायला हवी होती, हे त्यांना ठाऊक होतं. धीर झाला नव्हता. निबंध गेला, वर्षंही गेली. रागावण्याइतकंसुद्धा बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"मेलं का रे एखादं?" ताई घाबरल्या. "तोंड का उतरलंय तुझं?"

ताईंचा एकुलता एक मुलगा मुडदुसानं गेला होता. पायांच्या काड्या, पाऊल टाकलंच नाही त्यानं. निवळी द्या म्हणून शेजारणीनं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. त्या कधी त्याचं नाव काढत नसत.

"नाही गं," चिंतामणी म्हणाले. "चांगली आहेत. धरलं हाड सगळ्यांनी."

ताई वाकून बराच वेळ पेटीत बघत राहिल्या.

"म्हणजे वेळेवर दिली असती तर धरलं असतं," त्या म्हणाल्या.