वर बघा, सर

आमच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई मेंदूच्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख आहेत. इतकं शिक्षण माणूस सेवेसाठी घेतो, असं सत्काराच्या भाषणांत म्हणतात. बाईंनी ते डूख धरून घेतलं.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या वडिलांच्या मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी अडकली. मोठे सर आले. चिमटा काढला, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय हलेनात, तेव्हा उशाशीच म्हणाले, "आत कोणी नाही. उगाच कडी वाजवू नका." मुलगी तरी बाबांशी बोलतच होती. "भिंतीशी बोल, पोरी. तिला निदान कान असतात." भोवतालचे शिकाऊ डॉक्टर हसले. आठवड्यात वडील गेले.

पुढे मेंदूविकार शिकताना तिला कळलं, की अशा झटक्यात सगळं अंग बंद पडूनही माणूस पुरता जागा असू शकतो. डोळे तेवढे वर-खाली होतात, पापण्या मिटतात. 'वर बघा' म्हणून पाहायचं असतं. सरांनी म्हटलं नव्हतं.

तिने अतिदक्षतेचीच शाखा धरली, तीही सरांच्या हाताखाली. स्थळ घेऊन आलेल्या मावशीला म्हणाली, "आधी एकाला एक प्रश्न विचारायचाय."

"मग विचार की! त्यात काय मुहूर्त बघायचा?"

"ते हसण्यावारी नेतात गं. हसता येणार नाही अशी वेळ यायला हवी."

आली. नुकतेच निवृत्त झालेले सर बाईंच्याच वॉर्डात दाखल झाले. झटका तोच, जागाही तीच. शिकाऊ डॉक्टराने चिमटा काढला, बॅटरी मारली. "मॅडम, आत कोणी नाही." सरांचाच विद्यार्थी तो, शिकवण मुरली होती.

बाई वाकल्या. "सर, वर बघा."

डोळे वर गेले. शिकाऊचा चेहरा उतरला.

"हो असेल तर वर, नाही तर खाली. माझे बाबा जागे होते का?"

सरांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून सरांची बडदास्त पाहावी. पाठीला जखम नाही, छातीत कफ नाही. "यांना काही झालं तर माझ्याशी गाठ आहे, सिस्टर." सरांच्या पत्नी डोळे पुसत म्हणाल्या, "पोटची पोरसुद्धा एवढं करणार नाही हो!"

"पोटच्या पोरीसारखंच करतेय, काकू."

रोज सकाळी सगळ्या शिकाऊंसमोर तोच प्रश्न. रोज डोळे मिटलेले.

"दमलात? राहू दे, उद्या विचारते. तब्येत ठणठणीत ठेवलीये तुमची, सर. पुष्कळ वर्षं आहेत आपल्याकडे."