किती टिकणार ही बाई

सुटीच्या वेळी गेटवर बायांची रांग लागते. औषधाच्या गोळ्यांची कंपनी. कुणी अंगात पाकीट दडवून नेईल म्हणून हात फिरवून तपासतात. त्या दिवशी गार्डबाईचा हात माझ्या डाव्या बाजूवर आला आणि थांबला.

"ये क्या भरा है? निकालो."

मी म्हटलं, आत चल, दाखवते. तिनं टेबलाशी बसलेल्या साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाला, इथंच. ओढणीआड हात घालून मी काढून दिली. जुन्या सुती साडीची पिशवी, मीच शिवलेली, वजन यावं म्हणून आत राई भरलेली. साहेबानं कटरनं ती फाडली. राई घरंगळत खाली गेली. मागे कुणीतरी हसलं. आणि मी काय केलं, तर खाली बसून राई वेचायला लागले. आजही मला त्याचीच जास्त लाज वाटते.

चोरी निघाली नाही, पण बिंग फुटलं. सात महिन्यांची रजा मी गर्भपिशवीच्या ऑपरेशनची म्हणून सांगितली होती. स्तन काढला म्हणून कोण सांगणार? साहेबानं माझा पास काढून घेतला.

"घरी बस. कॅन्सरची बाई किती टिकणार? मशीनवर पडलीस तर आमच्या डोक्याला ताप."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. पण डॉक्टर बोलायच्या त्या माझ्या नवऱ्याशी. मी बाहेर बाकावर. विचारलं की तो म्हणायचा, "तुला कशाला पायजे? मी हाय ना." त्याच्या या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ काढला, आपले दिवस भरले. सफाळ्याच्या बहिणीला माझ्या चांगल्या साड्यासुद्धा देऊन टाकल्या.

पुढच्या तपासणीला मी नवऱ्याला म्हटलं, आज तुमी बाकावर बसा. आत जाऊन डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, मी किती जगणार?

त्या चकित झाल्या. गाठ लहान असतानाच निघाली, काखेत पसरली नव्हती, म्हणाल्या. "अशा बहुतेक बाया बऱ्या होतात, वर्षानुवर्षं जगतात. हमी मी कुणालाच देत नाही. गोळी आणि तपासणी चुकवू नका. हे तुमच्या मिस्टरांना मी कधीच सांगितलंय."

बाहेर येऊन मी त्याला जाब विचारला. तो खाली मान घालून म्हणाला, "चांगलं बोलून दाखवलं की नजर लागते. म्हणून नाय सांगितलं."

मला रडू आलं नाही. संताप आला. माझंच जगणं, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

डॉक्टरबाईंकडून कामाला हरकत नसल्याचा कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी सालवडच्या घरून चालत गेट गाठलं. साहेब म्हणाला, नंतर केबिनमध्ये ये. मी म्हटलं, नाही, सगळ्यांसमोर वाचा. त्यानं वाचला नाही. मग मीच रांगेसमोर उभी राहून मोठ्यानं वाचला. या वेळी कुणी हसलं नाही.

पास अजून मिळालेला नाही. रोज पहिल्या पाळीला मी गेटवर उभी राहते. साहेब म्हणतो, थकशील. थकतेच. काख ओढते, हात जड होतो. दुखणं उद्या परत येईलही. आलं तर डॉक्टरबाई आणि मी बघू. पण ते यायच्या आधीच मला मेलेली धरून माझ्या मशीनवर दुसरी उभी करायची, हे मी चालू देणार नाही.