चादरींच्या खोलीतला वर्ग

दवाखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. वॉर्डात कुणाला रडू फुटलं की मावशी स्टूल ओढून बसायची, हात हातात घ्यायची आणि गप्प राहायची. समाजकार्याचा अभ्यास मोबाइलवर करता येतो म्हटल्यावर पन्नाशीला टेकलेल्या मावशीनं नाव घातलं. एरवी ड्युटी सोडून तिला कॉलेजात कोण जाऊ देणार होतं?

आज तिची पहिली खरी मुलाखत होती. चादरींच्या खोलीत फिनेलच्या डब्याला टेकवून तिनं मोबाइल उभा केला. पलीकडे मदत मागणारी एक बाई होती. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत शिकवणाऱ्या मॅडम ऐकत होत्या.

"नवरा कामावरून यायच्या आत मुलीला घेऊन निघायचंय," बाई म्हणाली. "पण जाऊ कुठं?" आणि ती रडू लागली.

सवयीनं मावशीचा हात पुढे गेला, काचेला लागला आणि मागे आला. रडणं ओसरू दे, मग बोलू, म्हणून ती तशीच निश्चल बसून राहिली.

बाईनं वर पाहिलं. "नेट अडकलं वाटतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "जाऊ दे."

"अहो, आहे मी," मावशी म्हणेपर्यंत तिची चौकट काळी झाली होती.

"असं शांत राहणं वर्गातल्या पोरींना जमत नाही हो, मावशी," मॅडम म्हणाल्या. "दहापैकी नऊ गुण तुम्हाला."

"मॅडम, तिचा पत्ता द्या."

"पत्ता कुणाकडेच नाही. नंबर लावतेय मी. बंद येतोय."

मावशीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते. तो कामावरून किती वाजता येतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.