टँकर आला की सुई हलायची

नांदेडहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन वस्तू होत्या: कापसात गुंडाळलेला पिवळा स्फटिक आणि आईने भरून दिलेला फिरकीचा तांब्या. "लातुरात दुष्काळ हाय, कुणाला पाणी मागू नको," आईने बजावलं होतं. स्फटिकाचं आमच्या सरांनी बजावलं होतं. कानाला ऐकू न येणारा ध्वनी स्फटिकातून सोडला, की त्याच्या लाटा आतल्या इलेक्ट्रॉनना ओढत नेतात आणि वीज वाहते, असं माझं म्हणणं. नांदेडला ती वाहिलीही होती, पण सरांचा विश्वास बसेना. "दुसऱ्या प्रयोगशाळेत करून दाखव, नाहीतर विषय बदल." चार वर्षं घातली होती मी त्यात.

लोहा, अहमदपूर, चाकूर. दोन्हीकडे भेगाळलेली काळी रानं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. कॉलेजचा रस्ता विचारला तर एकाने कलेक्टर कचेरीचाच सांगितला. "नवी हाय, बघून तर जा."

प्रयोगशाळेचे शिपाई बसवणप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. त्यांनी मला भाकर-चटणी दिली आणि खिडक्या लावून घेतल्या. दुपारी उन्हाची धग आत येऊ नये म्हणून अंधार करून बसायची इकडची रीत.

ध्वनी सोडला. वीज मोजायच्या मीटरची सुई ढिम्म. तारा बदलल्या, जोड घासले, तरी तेच. माझं डोकं चालेना.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. बसवणप्पांनी खिडकी उघडली आणि सुई उठली. "दुधाचा टँकर हाय, पाण्याचा न्हाई," म्हणत त्यांनी खिडकी लावली. सुई पडली. हॉर्नने माझ्या स्फटिकात वीज? सांगायला लाज वाटते, पण मी वहीत तसं लिहिलंसुद्धा.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा डोकावून पाहिलं. या खेपेला हॉर्न नव्हता, तरी सुई उठली.

"अप्पा, खिडकी तशीच धरा."

ध्वनी बंद केला, सुई शून्यावर. सुरू केला, वर. हा स्फटिक असा, की अंधारात त्याचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकलेले असतात. उजेडाने ते मोकळे होतात, आणि मोकळे झाले तरच ध्वनी त्यांना ओढणार. हे मला पाठ होतं. पण नांदेडला माझ्या टेबलाशेजारची खिडकी कायम सताड उघडी, त्यामुळे आठवायची वेळच आली नव्हती.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी हॉर्न कितीबी वाजू द्या, कडी लावून घेतलेला माणूस घागर घिऊन येणार न्हाई."

"हाव, तसंच," मी म्हणालो. चार वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

वाऱ्याने खिडकी आपटत होती, म्हणून अप्पा तासभर ती धरून उभे राहिले. मधे एकदा हॉर्न वाजला. सुई जागची हलली नाही, म्हणून मी खूश झालो.

निघताना दाराशी दोन घागरी दिसल्या. कोरड्या.

"पाण्याचा टँकर?"

"मघाशी येऊन गेला. आता परवा. तुमचं चालून राहिलं होतं, मधीच कसं सोडू?"

तांब्या पुढे केला, तर घेईनात. शेवटी घागरीशेजारी ठेवून निघालो. परत येताना घशाला कोरड पडली होती आणि मांडीवर भरलेली वही होती.

सरांनी वही दोनदा वाचली. "विषय हाच ठेव," एवढंच म्हणाले.

घरी आईने तांब्याचं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"त्यांच्या घरात माणसं किती हायत रे?"

मी विचारलंच नव्हतं.