टेलरबाईंचा फोन आणि नणंदेचा लॅपटॉप

अख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापं टेलरबाईंच्या हाताखालून गेली होती. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाचा खांदा उतरला, सगळं त्यांना ठाऊक; पण सत्तावीस वर्षांत या कानाचं त्या कानाला कधी कळू दिलं नाही. बायका म्हणूनच यायच्या, नाहीतर त्यांची शिलाई काही स्वस्त नव्हती.

हल्ली मापं फोनवर येत. हा फोन आपल्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही, याचा बाईंना कोण अभिमान! डोंबलाचा अभिमान. घरातच राहणाऱ्या धाकट्या नणंदेने गेल्या वर्षी, "वहिनी, तुम्हाला बारीक दिसत नाही, मी मापं मोठ्या अक्षरांत काढून देते," म्हणून तो फोन स्वतःच्या लॅपटॉपला जोडून घेतला होता. दोन आठवडे मापं काढून दिली. मग मापं थांबली, बाईंना येणारे निरोप वाचणं चालू राहिलं. रोज, दुपारचं जेवून, निवांत. बया जात्याच भोचक; दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय तिला अन्न पचत नसे.

समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकेने ड्रेसचं कापड दिलं आणि मागाहून निरोप पाठवला: "कंबरेला कापड जास्त ठेवा. चौथा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून कुणाला सांगितलेलं नाही." टेलरबाईंनी नुसतं "बरं" लिहिलं आणि कात्री घेतली.

तिसऱ्या दिवशी जिन्यातच चौघींनी शिक्षिकेचं अभिनंदन केलं. एक तर म्हणाली, "या वेळी तरी जप हो."

शिक्षिका तडक दुकानात आली. टेलरबाई शपथांवर शपथा घेऊ लागल्या. तिने त्यांच्याकडून फोन उघडून घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि त्यांच्या नाकासमोर धरला: जोडलेला लॅपटॉप, शेवटचा वापर आज, दुपारी दीड.

टेलरबाई तरातरा आतल्या खोलीत गेल्या. नणंद लॅपटॉप मांडीवर घेऊनच बसली होती.

"घरातल्या घरात कसली हो चोरी, वहिनी? आणि बातमी चांगलीच होती की!"

"जळलं मेलं तुझं तोंड!" टेलरबाईंनी लॅपटॉप तिच्या बोटांवरच मिटला. आयुष्यात इतका राग त्यांना कुणाचा आला नव्हता.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "माझ्या नणंदेनं वाचलं गं. मी नाही बोलले."

शिक्षिका अर्धवट कापलेलं कापड टाचण्यांसकट पिशवीत कोंबत होती.

"तिला मी ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला लिहिलं होतं."