काळ्या धोंड्याचा शुक्रवार

"पूर आला असता काय करावे?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारले.

नऊ मुली एका आवाजात म्हणाल्या, "पूर आला असता नावेने पलीकडे जावे."

साहेब खूश झाले. माझ्या अंगावर काटा आला. वेल्ह्याच्या आमच्या खोऱ्यात नाव कोणी पाहिलेली नाही. मुलींचा रोजचा हेलही गेला होता. नऊ तोंडांतून कोणी एकच परकी बाई बोलत होती.

मी चौथी पास, त्यावरच मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागले. आधी दर शुक्रवारी मी वर्ग ओढ्यावर न्यायची. तिथे पाण्यात काळा धोंडा आहे, वर डोके आणि खाली गळा असावा तसा. गावातल्या हौसामावशी मुलींना सांगायच्या, "पानी धोंड्याच्या गळ्याला लागलं की थांबायचं. हितं ऊन असंल, पर वर डोंगरात लई पाऊस असतोय." हे शाळा शिकवते म्हणून घरी कोणी पुन्हा सांगत नसे.

मग वरून हुकूम आला. सगळ्या शाळांत एकच पुस्तक, एका दिवशी एकच पान, बाहेरचे काही नाही. बोलायची मला भीती वाटली. दोन पावसाळे शुक्रवार बंद राहिला.

तपासणी संपली, मुली सुटल्या. भरदुपारी धुके उतरले होते. साहेब रिपोर्ट लिहीत असताना ओढ्याकडून तोच आवाज आला. "नावेने पलीकडे जावे." जरा थांबून पुन्हा. मी धावले, साहेब मागे.

पलीकडच्या वाडीतल्या तीन लहान मुली घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, धुक्याकडे बघत. धोंड्याचा गळा बुडाला होता.

"चंद्रे, मागं फिर," मी सगळ्यांत पुढच्या मुलीला ओरडून सांगितले.

तिने मान वळवली नाही. "बाई, नाव कवा येनार?"

तिघींना मी ओढून काठावर घेतले. वर चढून पाहिले तर त्या जागी कमरेइतके पाणी होते.

साहेबांनी विचारले, "यांना पाणी ओळखायला कोणी शिकवलं नाही?"

"आम्ही शिकवत होतो. हुकूम आला म्हणून मी बंद केलं. या शुक्रवारपासून परत सुरू करणार. रिपोर्टात लिहा."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे."

त्यांच्यापुढे एवढे मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी तसे लिहिले. मला ताकीद आली. नोकरी राहिली, कारण इकडे यायला दुसरी कोणी तयार नव्हती. शुक्रवारही राहिला. पुढच्या तपासणीला साहेब आले ते धोंडा बघूनच.

पुस्तकातले वाक्य अजून तसेच आहे. लिहिणाऱ्याने आमचा ओढा पाहिला नाही, हा त्याचा दोष नाही. पण मग तो ओलांडायचा पाठ त्याने लिहू नये.