मार्लिसच्या फाटकातली खडी

मार्लिस व्होंड्राच्या घरात मे महिन्यापासून जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नव्हतं. टेबलावर बक्षिसं होती. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची पिस्तुलाची म्यानं, कानांवर घालायचे जाड कर्णरक्षक, टोप्यांचे गठ्ठे, काडतुसांच्या पेट्या, आणि या सगळ्याच्या मधोमध दातांच्या डॉक्टरने दिलेला एक कागद: एका माणसाचे दात फुकट साफ करून मिळतील. नवरा डुएन आरामखुर्चीत मांडीवर ताट घेऊन जेवायचा, मार्लिस ओट्याशी उभ्याने.

"लग्न झालं तेव्हाही आपल्याकडे टेबल नव्हतं," डुएन म्हणायचा. "पुन्हा तरुण झालो म्हणायचं."

"तेव्हा तू ताटं विसळायचास," मार्लिस म्हणायची.

नेब्रास्कातल्या होल्कम गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या मधोमध मातीचे उंच बांध घालून केलेली नेमबाजीची एक रेंज आहे. दर जूनमध्ये तिथे विभागीय पिस्तूल स्पर्धा भरते आणि चार-पाच राज्यांतले नेमबाज येतात. मार्लिसने स्वतः कधी स्पर्धेत गोळी झाडली नाही. तिची सारी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. पण पंच गोळा करणं आणि बक्षिसं गोळा करणं ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं तिच्याकडेच होती, कारण ज्याच्या हातात आपण गरम काही ठेवतो त्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, हे ती त्या स्वयंपाकघरात शिकली होती.

यातलं पंच मिळवण्याचं काम जास्त अवघड. पंचाने दिवसभर उन्हात टायमर धरून उभं राहायचं, दुसऱ्याच्या हातातल्या भरलेल्या पिस्तुलावरून नजर हटवायची नाही, बाद केलेल्या माणसाचे टोमणे ऐकायचे, आणि स्वतःची स्पर्धा खेळायची तर ती आदल्या दिवशी, टाळ्या वाजवायला कुणी नसताना. संध्याकाळी बक्षिसांच्या टेबलाशी रांग लागते ती निकालाच्या क्रमाने. पहिला आलेला पहिल्यांदा जातो आणि हवं ते उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. पंचांची पाळी येईपर्यंत टोप्या उरतात. मार्लिसच्या ओळखीतल्या एका पंचाकडे इतक्या टोप्या साठल्या होत्या की तो त्या बुजगावण्यांना घालायचा.

यंदा गोष्ट टोप्यांवर थांबणारी नव्हती. विभागाचा प्रमुख ब्रेट हॉलिंग्सवर्थ याने ओमाहाहून फोन करून तिला स्पष्टच सांगितलं होतं.

"मार्लिस, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण गेल्या वर्षी पंच कमी पडले, स्पर्धेचे दोन टप्पे उशिरा संपले. आणि बक्षिसं देणाऱ्या कंपन्यांनी यंदा हात आखडता घेतलाय. इकडचा मोठा क्लब स्पर्धा घ्यायला तयार आहे. त्यांच्याकडे डांबरी पार्किंग आहे."

"डांबरावर कोण नेम धरतं, बाळा?"

"मी एवढंच म्हणतो, की यंदा सगळ्या टप्प्यांवर पुरे पंच आणि टेबलावर लाज राखणारी बक्षिसं दिसली, तर स्पर्धा तुमच्याकडे राहील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तिकडे."

फोन ठेवून मार्लिस ओट्याशी उभी राहिली. ही स्पर्धा गेली की होल्कमला जूनमध्ये बाहेरून येणार होते फक्त डास. आणि तिच्याकडे उरणार होतं मोकळं टेबल.

तिने कामाला सुरुवात केली. कंपन्या देत नाहीत तर गाव देईल. खाटकाने अर्धं डुक्कर कबूल केलं, कापून, बांधून, गोठवून. गॅरेजवाल्याने गाडीची तेलबदली. न्हाव्याने वर्षभराची केसकापणी. खडीच्या खाणीवरचा लायल हा फार कमी बोलणारा माणूस. "ट्रकभर खडी," एवढंच म्हणाला. प्रत्येकाला मार्लिसने शेवटी एकच वाक्य सांगितलं: "शनिवारी सकाळपर्यंत बक्षीस रेंजवर पोचलं पाहिजे." मोठ्या बक्षिसांचे टेबलावर ठेवायचे ते कागद, वस्तू ज्याने त्याने नंतर जाऊन घ्यायची, ही इथली पद्धत. पिस्तूलसुद्धा टेबलावर नसतं, त्याची पाकिटात घातलेली चिठ्ठी असते. हे सगळ्यांना ठाऊक आहे असं मार्लिसने धरलं.

मग तिने ब्रेटला कळवून टाकलं की यंदा टेबलाशी पंच आधी जातील, विजेते नंतर. ब्रेटला ठसका लागला.

"लोक सहा-सहा तास गाडी चालवत येतात ते टेबलासाठी, मार्लिस."

"आणि पंच दहा-दहा तास उभे राहतात ते कशासाठी? टोपीसाठी?"

ही बातमी पसरली आणि पंच मिळू लागले. एक जागा तेवढी भरेना. ती मुख्य पंचाची. त्या कामाची परीक्षा दिलेला माणूस गावात एकच होता, एल्डन शिमेक. रेंजला लागूनच त्याचं शेत. आणि एल्डनने रेंजवर पाऊल टाकणं सोडलं होतं, कारण डुएन.

भांडण असं होतं. नेमबाजाच्या हातातल्या पिस्तुलाची नळी त्याच्या खांद्यांच्या रेषेमागे वळता कामा नये. वळली की तो बाद, मग तो कुणी का असेना. सहा वर्षांपूर्वी डुएन आयुष्यात पहिल्यांदा बऱ्यापैकी नंबरात येत होता आणि शेवटच्या टप्प्यावर एल्डनने "थांब" म्हणून त्याला बाद केलं. डुएन म्हणाला, नळी रेषेवर होती, मागे नव्हती. एल्डन म्हणाला, मागे होती. डुएन म्हणाला, तुला चष्मा लागलाय. एल्डनने टायमर टेबलावर ठेवला आणि घरी गेला, तो गेलाच. तेव्हापासून दोघं गावातल्या दुकानात समोरासमोर आले तर एकजण माशांच्या डब्यावरचा मजकूर वाचायला लागायचा.

मार्लिस दालचिनीचे रोल घेऊन एल्डनकडे गेली. त्याने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं चाटली.

"डुएनला म्हणू दे, की नळी मागे वळली होती. मग बघू."

"एल्डन, तुझं वय काय?"

"माझ्या वयाचा आणि त्याच्या नळीचा काय संबंध? डबा ठेवून जा."

घरी येऊन तिने डुएनला सांगितलं. डुएनने टीव्हीचा आवाज वाढवला. "वळली नव्हती."

"एका बोटाच्या अंतरासाठी तुम्ही दोघं माझी स्पर्धा ओमाहाला घालवणार."

"बोटाचंही अंतर नव्हतं, तेच तर सांगतोय."

ज्या माणसाला गेल्या आठवड्यात गाडी कुठे लावली ते आठवत नव्हतं, त्याला सहा वर्षांपूर्वीची नळी आठवत होती. मार्लिसने त्या दिवशी त्याच्या ताटात लोणचं वाढलं नाही.

गुरुवारी वादळ आलं. गारा पडल्या, मका आडवा झाला, आणि फाटकापासून रेंजपर्यंतच्या कच्च्या रस्त्याची खीर झाली. शुक्रवारी पंचांनी आपली स्पर्धा चिखलात बूट गमावत खेळून घेतली. मुख्य पंचाच्या जागी मार्लिसने कान्ससमधल्या एकाला कबूल करवलं होतं. त्याचा शुक्रवारी फोन आला की गाडी बिघडली. मार्लिसने पांढऱ्या घेवड्याच्या नि खिम्याच्या रश्श्याचं, चिलीचं, मोठं पातेलं ढवळत ते ऐकून घेतलं आणि ढवळतच राहिली.

शनिवारी सकाळी ती आणि डुएन रेंजवर पोचले तेव्हा फाटक दिसेना.

फाटकाच्या जागी टेकडी होती. करड्या, धुतलेल्या, उत्तम प्रतीच्या खडीची टेकडी. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, त्यामुळे वळसा घालून जायची सोय नाही. टेकडीशेजारी लायल रिकाम्या ट्रकला टेकून कॉफी पीत होता.

"लायल," मार्लिस म्हणाली, "हे काय?"

"बक्षीस," लायल म्हणाला. "शनिवारी सकाळपर्यंत रेंजवर, म्हणालीस."

"कागद, लायल. कागद पोचवायचा होता."

लायलने विचार केला. "कागदाचं काही बोलली नाहीस."

तोवर मागे गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. त्यातल्या तिसऱ्या गाडीतून पांढरे स्वच्छ बूट घातलेला ब्रेट उतरला. त्याने टेकडीकडे पाहिलं, मग मार्लिसकडे. मार्लिसला त्याच्या चेहऱ्यावर डांबरी पार्किंग दिसू लागलं.

डुएनने लायलच्या ट्रकमधून फावडं काढलं आणि एक फावडं खडी उचलली. टेकडीला त्याचा पत्ताही लागला नाही.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून घरघर ऐकू आली. एल्डन आपला लोडर घेऊन कुंपणाकडेने येत होता, पुढची बादली वर उचलून. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. त्याचं म्हणणं नंतर असं होतं की तो सहज फिरायला निघाला होता.

"मुख्य पंच म्हणून आलो नाही," त्याने इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगितलं. "एवढी खडी वाया जाताना बघवत नाही, म्हणून आलोय."

"वाया कुठे जातेय," मार्लिस म्हणाली आणि बोलता बोलता तिला ते दिसलं. फाटकापलीकडे चिखलाचा रस्ता, अलीकडे खडी. "एल्डन, ती उचल आणि रस्त्यावर पसरत जा. डुएन, तू मागून दाताळं मार."

बादलीमागून बादली जाऊ लागली. नेमबाज गाड्यांतून उतरले, कुणी फावडी काढली, कुणी हातांनीच खडी लोटू लागले. ब्रेटने थोडा वेळ आपल्या बुटांकडे पाहिलं आणि शेवटी तोही उतरला चिखलात. एल्डन आणि डुएनला बोलावंच लागलं.

"बाजूला हो."

"कुठल्या बाजूला?"

"तुला दिशा कळत असत्या तर आपण इथवर आलो असतो का?"

डुएनने दाताळं मारलं. एल्डनने लोडर वळवला, तशी बादली डुएनच्या टोपीजवळून गेली.

"बादली मागे वळली तुझी," डुएन ओरडला.

"कितीशी वळली?"

"माझी नळी वळली होती तेवढीच."

एल्डनने इंजिन बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की मक्यातले पक्षी ऐकू आले. फावडी मारणारे थांबले. डुएनच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि त्याची मान लाल झाली.

"काय म्हणालास?" एल्डनने विचारलं.

"ऐकलंस तू."

"इंजिन चालू होतं."

डुएनने दाताळ्यावर दोन्ही हात ठेवले. "म्हटलं, वळली होती. जराशी. मला तेव्हाच कळलं होतं, हवं तर लिहून देतो. आता ते यंत्र चालू कर, लोक उन्हात उभे आहेत."

"चष्म्याचं काय?"

"चष्मा लागलाय तुला, ते मी मागे घेणार नाही."

एल्डनला हसू आलं. ते त्याने इंजिनाच्या आवाजात लपवलं, पण खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले.

शेवटची बादली पसरून झाली तेव्हा मार्लिस आपल्या गाडीकडे गेली आणि मागच्या सीटवरून एक लाल शर्ट घेऊन आली. मुख्य पंचाचा, इस्त्री केलेला. दरवर्षी पंचांचे शर्ट शिवायला टाकताना ती एल्डनच्या मापाचा एक टाकायची आणि दरवर्षी तो गाडीत तसाच पडून राहायचा.

एल्डनने शर्ट अंगाला लावून पाहिला. "पोटावर बसायचा नाही."

"माझे रोल खाऊन वाढलंय ते. घाल."

स्पर्धा उशिरा सुरू झाली आणि वेळेवर संपली. एल्डनने तीन जणांना बाद केलं आणि तिघांनीही, का कोण जाणे, वाद घातला नाही. दुपारी पंचांनी आधी चिली आणि रोल खाल्ले, मग इतरांनी. ब्रेटने दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी पत्र्याच्या छपराखाली मार्लिसने टेबल मांडलं. लायलने एव्हाना लिहून दिलेला खडीचा कागद मात्र तिने टेबलावरून काढून एप्रनच्या खिशात घातला. जी वस्तू रस्त्यावर पसरलीय ती बक्षीस म्हणून कशी द्यायची? मग तिने पहिलं नाव पुकारलं, मुख्य पंचाचं. विजेत्यांच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली.

एल्डन हात मागे बांधून टेबलाच्या कडेकडेने चालला. पिस्तुलाचं पाकीट होतं, तिथे थांबला नाही. अर्ध्या डुकराशी क्षणभर थांबला. दातांच्या कागदाकडे बघून त्याने तोंड मिटून घेतलं. टेबलाच्या टोकाला येऊन म्हणाला, "लायलचा कागद कुठाय?"

"एल्डन, ती खडी संपली. तूच पसरलीस."

"संपली कुठे? ही काय पायाखाली आहे. कागद दे."

मार्लिसने खिशातून कागद काढून दिला. एल्डनने तो सावकाश घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"आता रस्ता माझा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी यावरून कोण कसं येतं ते बघायला मला इथे उभं राहावं लागणार. शर्ट एक माप मोठा शिवा."

"रस्त्याला खड्डे पडले तर तक्रार कुणाकडे करायची?" डुएनने मागून विचारलं.

"लेखी द्यायची. चष्मा लावून वाचीन."

छपराखाली हसण्याचा कल्लोळ उठला. तो ओसरेपर्यंत ब्रेट मार्लिसच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, पाय गुडघ्यापर्यंत करडे.

"म्हणजे पुढच्या वर्षी इथेच, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय."

"तू सांग, बाळा. खडी परत भरून ओमाहाला नेणार असलास तर फावडं देते."

ब्रेटने पत्र्याच्या खांबाला पाठ टेकली. "नको," तो म्हणाला. "माझी कंबर गेलीय." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पुढच्या जूनची स्पर्धा होल्कमलाच होईल.

पंच एकेक करून टेबलाशी जाऊन आले. न्हाव्याचा कागद एका टक्कल असलेल्या पंचाने उचलला आणि बायकोला दिला. मग विजेत्यांची पाळी आली. पहिली आलेली किर्स्टन नावाची शिडशिडीत मुलगी, जिच्या रागावण्याची ब्रेटला दिवसभर धास्ती होती, टेबलाशी आली आणि तिने काळजीच्या आवाजात एकच विचारलं, "डुक्कर उरलंय ना?"

गाड्या निघू लागल्या तेव्हा खडी टायरांखाली छान करकरत होती. एल्डन फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला सावकाश जायच्या खुणा करत होता आणि डुएन दुसऱ्या बाजूला उभा राहून त्याच्या खुणा चुकतायत असं सांगत होता. मार्लिस रिकामं पातेलं घेऊन गाडीकडे आली तर तिथे लायल.

"पुढच्या वर्षीही देतो," तो म्हणाला. "ट्रकभर."

मार्लिसने पातेलं बॉनेटवर ठेवलं. कागद, असं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. मग तिची नजर पार्किंगकडे गेली, जिथे अजून दोन गाड्यांची चाकं चिखलात फिरत होती.

"तिकडे टाक," ती म्हणाली. "पण शुक्रवारी टाक."